सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारलं, त्याच कमला सोहोनी पुढं मुंबईच्या सायन्स इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टर झाल्या

सरकारी संशोधन संस्थेचा मुलाखतीचा कॉल येणं म्हणजे काय असतं, हे अमरावती-अकोल्यातल्या घरांना वेगळं सांगायला नको.

पोरगा किंवा पोरगी इंजिनियर झालेली असते. वर्षभर अभ्यासिकेत बसून लेखी परीक्षा काढलेली असते. कॉल लेटर आलं की आई अंबादेवीला जाऊन येते, बाबा प्रवासाचं रिझर्वेशन बघतात, फाईलमध्ये दहावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं ओळीनं लागतात. रात्रीची गाडी, सकाळी पोचायचं, स्टेशनवरच तयार व्हायचं आणि नंबर यायची वाट बघत बसायचं.

पंधरा-वीस मिनिटांत माणूस बाहेर. काही दिवसांनी यादी लागते, त्यात नाव नसतं. मग बडनेऱ्याला उतरल्यापासून घरी, मित्रांत, नातेवाईकांत एकच प्रश्न फिरत राहतो. नेमकं चुकलं काय?

या प्रश्नाचं उत्तर सहसा मिळत नाही. पॅनल कारण देत नाही.

१९३३ मध्ये मुंबईच्या एका बावीस वर्षांच्या मुलीला मात्र कारण मिळालं होतं. अगदी स्पष्ट शब्दांत मिळालं होतं. आणि त्या कारणाचा तिच्या मार्कांशी, अभ्यासाशी, तयारीशी काडीचाही संबंध नव्हता.

त्या मुलीचं नाव कमला भागवत. लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी.

१८ जून २०२३ ला गुगल उघडलं असेल, तर त्यांचं डूडल तुम्ही पाहिलं असेल. त्या दिवशी एक गोष्ट सगळीकडं शेअर झाली. रामन यांनी नकार दिला, मुलीनं सत्याग्रह केला, मुलगी जिंकली. गोष्ट खरी आहे. पण ती तिथं संपत नाही. रामन यांच्या ऑफिसात सुरू झालेली ती मुलाखत वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या टेबलांसमोर पुढची कित्येक वर्षं चालू होती.

घरातच केमिस्ट्री

कमला यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत, दोघंही रसायनशास्त्रज्ञ.

हे दोघं शिकले कुठं, तर बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. जमशेटजी टाटांचं दान, म्हैसूर संस्थानची जमीन आणि सरकारी अनुदान, अशा तिहेरी मदतीवर १९०९ मध्ये ही संस्था उभी राहिली. १९११ मध्ये वर्ग सुरू झाले, तेव्हा तिथं केमिस्ट्री आणि इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजी शिकवायला सुरुवात झाली. तिथल्या अगदी सुरुवातीच्या केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांमध्ये भागवत बंधू होते.

घरातलं आणखी एक नाव तुम्हाला नक्की माहीत असेल. दुर्गा भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासक, लेखिका, १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष आणि आणीबाणीच्या विरोधात त्याच व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई या कमला यांच्या थोरल्या बहीण. थोडक्यात, समोरचा माणूस मोठा आहे म्हणून गप्प बसायचं, ही सवय या बहिणींना नव्हती.

कमला यांनी मुंबई विद्यापीठातून बीएस्सी केलं. विषय केमिस्ट्री आणि फिजिक्स. १९३३ च्या निकालात त्या विद्यापीठात पहिल्या आल्या.

पुढं काय करायचं हे ठरलेलंच होतं. वडील आणि काका जिथं शिकले, त्या बंगळूरच्या संस्थेत संशोधन करायचं. अर्ज गेला. ही पगारी नोकरीची मुलाखत नव्हती, संशोधक विद्यार्थ्याची जागा होती. पण त्या काळी भारतात विज्ञानात काही करायचं असेल तर अशी दारं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. हे दार बंद झालं तर पुढची नोकरीही बंद, हे उघड होतं.

बंगळूरचा नकार

१९३३ मध्येच सी. व्ही. रामन या संस्थेचे संचालक झाले होते. संस्थेचे पहिले भारतीय संचालक. तीन वर्षांपूर्वी त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. भारतीय विज्ञानात त्यांच्याइतकं मोठं नाव दुसरं नव्हतं.

त्यांनी कमला यांचा अर्ज फेटाळला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती.

वडील आणि काका याच संस्थेचे जुने विद्यार्थी. त्यांनी विनंती करून पाहिली. रामन ऐकेनात.

इथं बहुतेक मुली थांबल्या असत्या किंवा त्यांना थांबवलं गेलं असतं. चांगलं स्थळ बघून लग्न लावून दिलं असतं, आणि विद्यापीठात पहिली आलेली मुलगी एवढीच तिची ओळख नातेवाइकांत उरली असती. कमला थेट बंगळूरला गेल्या. रामन यांच्यासमोर उभं राहून त्यांनी विचारलं की संस्थेच्या कोणत्या नियमात मुलींना बंदी आहे. तसा नियम दाखवता येईना. मग त्यांनी सांगून टाकलं की प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही.

मिठाचा सत्याग्रह होऊन तीनच वर्षं झाली होती. सत्याग्रह हा शब्द घराघरात होता. पण तो इंग्रज सरकारविरुद्ध वापरायचा होता. नोबेल विजेत्या भारतीय शास्त्रज्ञाच्या ऑफिससमोर एक मुलगी तेच हत्यार काढून बसेल, असं कुणाला वाटलं नसेल.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण तीन अटी घातल्या.

पहिली अट, वर्षभर त्या नियमित विद्यार्थी धरल्या जाणार नाहीत, प्रोबेशनवर असतील. दुसरी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल आणि रामन यांची खात्री पटेपर्यंत त्या कामाला मान्यता नाही. तिसरी अट सगळ्यात अपमानकारक होती. प्रयोगशाळेतल्या पुरुष संशोधकांचं लक्ष त्यांच्यामुळं विचलित होता कामा नये.

म्हणजे मुलांचं लक्ष मुलांच्या ताब्यात नव्हतं आणि त्याची जबाबदारी मुलीवर होती.

कमला यांनी अटी मान्य केल्या. दुसरा पर्याय नव्हता. पण हा अपमान त्या विसरल्या नाहीत. साठहून अधिक वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांचा एका कार्यक्रमात सत्कार झाला. तेव्हाही रामन यांच्याबद्दल बोलताना त्यांनी शब्द मऊ केले नाहीत. शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं मोठेपण मान्य करून, माणूस म्हणून ते संकुचित होते असंच त्यांनी सांगितलं.

रामन यांनाही दार बंद मिळालं होतं

आता एक गंमत बघा. गंमत म्हणजे, हसू येईल अशी नाही.

१९०७ मध्ये रामन स्वतः तरुण होते, मद्रासहून एमए झालेले, संशोधनाची प्रचंड ओढ असलेले. पण भारतात संशोधनाची पगारी नोकरी जवळजवळ नव्हतीच. मग त्यांनी सरकारी वित्त खात्याची परीक्षा दिली, कलकत्त्याला हिशेब खात्यात अधिकारी झाले आणि ऑफिसच्या आधी आणि नंतर एका खासगी संस्थेच्या प्रयोगशाळेत प्रयोग करत राहिले. मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला झाली आणि आपल्या नागपूरलाही झाली. विज्ञानाचं पूर्णवेळ काम मिळायला १९१७ उजाडलं. कलकत्ता विद्यापीठानं त्यांना प्राध्यापक केलं, तेव्हा कुठं त्यांनी सरकारी नोकरी सोडली.

म्हणजे हुशारी असून जागा नसणं म्हणजे काय, हे ज्यांना दहा वर्षं भोगायला लागलं, त्यांच्याच टेबलासमोर कमला उभ्या होत्या. पण आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपण दुसऱ्यावर करत नाही, असं काही आपोआप होत नसतं.

डाळीत प्रोटीन किती?

बंगळूरला कमला यांना मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे.

विषय होता अन्नातली प्रोटीन्स. दूध, डाळी आणि कडधान्यं. हा विषय तेव्हा भारतात फारसा कुणी हातात घेतला नव्हता.

अकोल्याच्या डाळ मिलवरून जाणाऱ्या माणसाला हा विषय किती मोठा आहे ते सांगायला नको. तूर, हरभरा, मूग ही आपल्या भागाची पिकं. वरण, डाळभाजी, गोळाभात हा आपला स्वयंपाक. ज्या देशात कोट्यवधी लोक मांस खात नाहीत आणि ज्यांना खायचंय त्यांनाही ते रोज परवडत नाही, तिथं शरीर बांधणारं प्रोटीन येतं कुठून? मुख्यतः डाळीतून.

पण सगळी प्रोटीन्स सारखी नसतात. ती अमिनो आम्लांची बनतात. डाळींमध्ये लायसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर, पण मिथिओनिन कमी. तांदूळ-गव्हाचं नेमकं उलटं. म्हणून वरण आणि भात एकत्र खाल्ले की एकातली उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या आज्यांना अमिनो आम्लं माहीत नव्हती, पण ताटातली जोडी बरोबर होती. ती का बरोबर आहे, हे समजायला प्रयोगशाळेत बसून एकेका डाळीचं प्रोटीन वेगळं करावं लागतं. कमला यांनी त्या कामाला सुरुवात केली.

वर्ष संपलं. रामन यांनी काम पाहिलं आणि त्यांची खात्री पटली. कमला नियमित विद्यार्थी झाल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संस्थेचे दरवाजे इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये कमला यांना मुंबई विद्यापीठाची एमएस्सी मिळाली, तीही डिस्टिंक्शनमध्ये.

एका माणसाचं मत बदलायला एका मुलीचं अख्खं वर्ष गेलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मात्र हे वर्ष द्यावं लागलं नव्हतं.

केंब्रिज : चौदा महिने, चाळीस पानं

१९३७ मध्ये कमला शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेल्या. न्यूनॅम हे तिथलं मुलींचं कॉलेज, तिथं त्यांचं नाव दाखल झालं. काम करायचं होतं सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत. हे हॉपकिन्स म्हणजे व्हिटॅमिनच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले.

सुरुवात झाली डॉ. डेरेक रिक्टर यांच्यासोबत. ते दुसरीकडं गेल्यावर मार्गदर्शक झाले रॉबिन हिल. वनस्पतींचा श्वास आणि प्रकाशसंश्लेषण हा हिल यांचा प्रांत. बीएस्सीला बॉटनी असेल तर हिल रिॲक्शन वाचली असेल, ते हेच हिल.

इथं कमला यांनी बटाट्यावर काम केलं. हो, साधा बटाटा.

त्यांना बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. हे काय असतं? आपण खातो त्या अन्नातून ऊर्जा काढताना पेशीच्या आत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडं दिले जातात. पुरात गावकरी रांग लावून वाळूची पोती हातोहात पुढं देतात, तसं. त्या रांगेत उभा असलेला एक महत्त्वाचा गडी म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यांच्या पेशींत तो असतो हे माहीत होतं. वनस्पतींच्या पेशीही ऊर्जा मिळवताना तोच वापरतात, हे कमला यांच्या कामानं दाखवलं. माणूस आणि बटाटा, श्वास घेण्याची यंत्रणा एका जातीची.

केंब्रिजमध्ये पोचल्यापासून जेमतेम चौदा महिन्यांत त्यांनी पीएचडीचा प्रबंध सादर केला. टाईप केलेली फक्त चाळीस पानं. प्रबंध जाड असला म्हणजे भारी, असं समजणाऱ्यांनी ही चाळीस पानं लक्षात ठेवावीत. १९३९ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

इथं एक दुरुस्ती करून घेऊ. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असं कमलाबाईंबद्दल सर्रास फॉरवर्ड होतं. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना १९३१ मध्येच अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती. कमलाबाईंचा मान केंब्रिजच्या विज्ञानातल्या पीएचडीचा आहे आणि तो पुरेसा मोठा आहे. एकीला मोठं करायला दुसरीला पुसायची गरज नाही.

दुसरी मुलाखत : कुन्नूर

केंब्रिजची पीएचडी हातात. युरोपात युद्धाचे ढग. परदेशात राहून काम करता आलं असतं, पण कमलाबाई १९३९ मध्येच भारतात परतल्या. देशात स्वातंत्र्याची चळवळ सुरू होती आणि आपलं ज्ञान इथं कामी यावं ही त्यांची इच्छा होती.

आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख झाल्या. मग आली ती जागा, जिच्यासाठी आजही कुणी विज्ञान पदवीधर जीव टाकेल. निलगिरीतल्या कुन्नूरची न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरी. पद, असिस्टंट डायरेक्टर.

ही प्रयोगशाळा लहानसहान नव्हती. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरनं बेरीबेरी रोगाच्या अभ्यासासाठी कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत ती सुरू केली. भारतीय माणूस काय खातो आणि त्यात काय कमी पडतं, याचा देशातला सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास इथंच होत होता. ती चालवायची इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे सरकारच्या पाठबळावर उभी असलेली वैद्यकीय संशोधनाची मुख्य संस्था. हीच प्रयोगशाळा पुढं हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

कमलाबाईंनी इथं व्हिटॅमिनवर काम केलं, शोधनिबंध लिहिले. पदवी होती, काम होतं, अनुभव होता. फक्त पुढची पायरी दिसत नव्हती. वर जायची वाट आपल्यासाठी आहे की नाही, हेच स्पष्ट होईना. राजीनाम्याचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

ही गोष्ट बंगळूरच्या गोष्टीइतकी शेअर होत नाही. कारण यात नाट्य नाही. इथं कुणी तोंडावर नाही म्हणालं नाही. कुणी अटी लिहून दिल्या नाहीत. सत्याग्रह करायचा तर कुणाच्या दारात बसणार? पहिला नकार देणारा माणूस समोर होता, त्याच्याशी भांडता आलं. दुसऱ्या नकाराला चेहराच नव्हता.

ज्यांनी सरकारी ऑफिसात वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसून प्रमोशनची फाईल कुठं अडली ते शोधलंय, त्यांना हे लगेच कळेल.

१९४७ मध्ये त्यांचं लग्न एम. व्ही. सोहोनी यांच्याशी झालं. ते ॲक्च्युअरी होते, म्हणजे विम्याच्या गणितातले तज्ज्ञ. कमलाबाई कुन्नूर सोडून मुंबईला आल्या.

तिसरी मुलाखत : मुंबई

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्रीचा नवा विभाग सुरू होत होता. ही सरकारी संस्था. प्राध्यापकाची जागा निघाली, कमलाबाईंनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. म्हणजे एक सरकारी मुलाखत अशीही झाली, जी सरळ पार पडली. तेही सांगायलाच हवं.

इथं त्यांनी विद्यार्थी घडवले आणि त्यांना घेऊन तीन गोष्टींवर काम केलं. डाळी-कडधान्यांची प्रोटीन्स, भाताचं पीठ आणि नीरा. तिन्ही गोष्टी गरिबाच्या ताटातल्या.

डाळींमध्ये त्यांच्या गटानं ट्रिप्सिन इन्हिबिटरचा अभ्यास केला. ट्रिप्सिन हा आपल्या पोटात प्रोटीन पचवणारा रस. कच्च्या डाळीत आणि कडधान्यात असे काही पदार्थ असतात जे या रसाला कामच करू देत नाहीत. डाळ शिजवली की त्यांचा जोर बराच कमी होतो. म्हणून कच्चं कडधान्य खाऊन पोट बिघडतं आणि शिजवलेली उसळ अंगी लागते.

नीरेवरचं काम सुचवलं थेट राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाचा पहाटेचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. कमलाबाईंच्या अभ्यासात त्यात अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात आढळलं. नीरा आटवून गूळ केला तरी यातलं बरंच टिकून राहतं, हेही दिसलं. पुढं आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या तब्येतीत फरक पडला. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

धारणी-चिखलदऱ्याच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. मेळघाटात मूल दगावलं की चर्चा होते ती योजना, निधी आणि दौऱ्यांची. त्या भागातल्या झाडाला, पिकाला, पानाला काय गुण आहेत हे मोजून सांगणारा माणूस बातमीत नसतो. कमलाबाई आयुष्यभर हेच मोजत होत्या.

याशिवाय आरे मिल्क प्रकल्पाला दुधाच्या दर्जाबाबत त्या सल्ला देत होत्या.

एवढं सगळं झाल्यावर संस्थेच्या संचालकपदाची वेळ आली. ज्येष्ठता होती, पात्रता होती. तरीही अंतर्गत राजकारणात आणि बाई म्हणून बघण्याच्या नजरेत त्यांचं संचालकपद तब्बल चार वर्षं लांबलं.

शेवटी त्या संचालक झाल्याच. बंगळूरला प्रयोगशाळेत पाऊल ठेवायला ज्यांना एक वर्षाचं प्रोबेशन मिळालं, त्यांना अख्ख्या संस्थेच्या खुर्चीत बसायला चार वर्षं थांबावं लागलं. माणूस मोठा होत गेला आणि प्रोबेशनही लांबत गेलं, असा हा हिशेब.

निवृत्तीनंतर किराणा दुकानाकडं

१९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा यायला अजून वीस वर्षं होती. मसाल्यात भेसळ, वजनात मार, तेलात खोट, आणि तक्रार करायची सोय कुठंच नाही, असा तो काळ.

कमलाबाई या संस्थेच्या कामात उतरल्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. १९८२-८३ मध्ये संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. मुलांसाठी मराठीत विज्ञानाची पुस्तकं लिहिली. केंब्रिजची पीएचडी असलेली बाई घरातल्या डब्यांपर्यंत आली, आणि यात आपण खाली उतरलो असं त्यांना कधी वाटलं नाही.

शेवटचं स्टेशन दिल्ली

१९४९ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचं नाव बदललं. नवं नाव इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च. कोविडच्या काळात रोज बातम्यांत ऐकलेली आयसीएमआर ती हीच. म्हणजे ज्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंना पुढची पायरी दिसेनाशी झाली होती, ती प्रयोगशाळा चालवणारीच ही संस्था.

१९९८ मध्ये याच आयसीएमआरनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. कुन्नूर सोडून तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.

संस्थेला त्यांची आठवण झाली, पण खूप उशिरा.

मग या गोष्टीतून घ्यायचं काय?

नकार आला तरी जिद्द सोडू नका, हा सोपा धडा. रील बनवायला तेवढा पुरतो. पण तो अर्धाच आहे.

कमला यांच्या मागं केमिस्ट्री शिकलेले वडील आणि काका होते. बंगळूरची संस्था घरात बोलण्यातली होती. मुलगी दूरच्या शहरात जाऊन हट्ट धरून बसते, याला घरातून आडकाठी नव्हती. ज्या मुलींकडं यातलं काहीच नव्हतं, त्यांनी नकाराचं पत्र घडी करून ट्रंकेत ठेवलं असेल. त्यांच्यात जिद्द कमी होती असं म्हणता येत नाही. त्या कोण होत्या, हेही आपल्याला माहीत नाही.

आणि दार उघडलं म्हणजे सगळं मिळालं, असंही झालं नाही. १९४० मध्ये ॲना मणी बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. काही वर्षांपूर्वी जिथं कमला यांना बाहेर ठेवलं होतं, त्या संस्थेत आता मुलगी संशोधन करत होती. मणी यांनी प्रबंध लिहिला, पण एमएस्सी नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठानं पीएचडी दिली नाही. पुढं १९४८ मध्ये त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या आणि देशातली हवामान मोजण्याची उपकरणं देशातच बनवण्याचं मोठं काम त्यांनी उभं केलं. पीएचडीशिवाय.

म्हणून या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग टेबलाच्या पलीकडच्या माणसांसाठी आहे. १९३३ च्या त्या मुलाखतीत उमेदवार नापास झाली नव्हती. नोबेल मिळवलेल्या, अत्यंत बारीक निरीक्षण करणाऱ्या माणसाला समोर उभी असलेली शास्त्रज्ञ दिसली नव्हती. वर्षभरानं दिसली, हे रामन यांच्या बाजूनं सांगण्यासारखं. मत बदललं आणि नियमही बदलला, असे मोठे लोक कमी असतात. पण ते वर्ष कमला यांच्या आयुष्यातून गेलं, रामन यांच्या नाही.

आजच्या उमेदवाराकडं एक गोष्ट आहे जी कमला यांच्याकडं नव्हती. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. सरकारी मुलाखतीतले स्वतःचे गुण मागता येतात. निवड झाली नाही तरी आपण कुठं उभे होतो, हे विचारता येतं. अर्ज साधा असतो, फी दहा रुपये. दारात बसावं लागत नाही.

त्यामुळं पुढच्या वेळी बडनेऱ्याला उतरताना नेमकं चुकलं काय हा प्रश्न पडला, तर तो स्वतःला जरूर विचारा. तयारी कमी पडली असेल तर ती वाढवा. पण चूक आपलीच असणार, असं आधीच धरून चालू नका. कधी कधी चूक पलीकडच्या खुर्चीत असते, आणि ती खुर्ची फार मोठ्या माणसाचीही असू शकते.